बडोद्यातून गुजरात समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-नाशिकहून बदलीवर आलेली मंडळी, सुट्टीत उतरणारे पाहुणे, दांडिया बाजारात चार पिढ्या काढलेल्या घरांतली शाळकरी मुलं, या सगळ्यांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय एकच: गुजरातचा किनारा, त्याच्या नद्या आणि त्यांवर चालणारं पोटपाणी, बडोद्यातून दिसतं तसं. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

बडोद्याला समुद्र नाही. मग किनाऱ्याशी आपला संबंध काय?

सरळ रेषेत मोजलं तर खंभातचं आखात शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे. जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला तिथली पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा मोकळी होते. कोकणातल्यासारखी पुळण मात्र तिथे शोधू नका. नजर पोहोचेल तिथवर राखाडी चिखल आणि गढूळ पाणी, असा तो समुद्र आहे.

पाहायला तो देखणा नसेल, पण बडोद्याचा व्यवहार त्याच्याशी घट्ट बांधलेला आहे. कोयलीच्या रिफायनरीत येणारं बाहेरदेशीचं तेल कच्छच्या आखातात उतरतं, आयात केलेला नैसर्गिक वायू दहेजला उतरतो आणि आपल्या कारखान्यांचं सांडपाणी शेवटी खंभातच्या आखातात जातं. समुद्र डोळ्यांआड असलेल्या शहरानं समुद्राविषयी जास्तच जाणून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

किनाऱ्याची लांबी नक्की किती? पुस्तकात १,६०० कि.मी. आहे, बातमीत २,३४०.

किनारा सरळ दोरीसारखा नसतो. खाड्या, बेटं, वळणं किती बारकाईनं मोजता यावर आकडा ठरतो. गुजरातच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं १,६०० कि.मी. आहे. केंद्राच्या जुन्या मोजणीत तो सुमारे १,२१४ कि.मी. होता. अलीकडे अधिक बारकाव्याच्या नकाशांवर फेरमोजणी झाली, तेव्हा गुजरातचा आकडा २,३४० कि.मी.वर गेला आणि देशाचा ७,५१६ वरून ११,०९८ वर. जमीन वाढलेली नाही, मोजपट्टी बारीक झाली. परीक्षेत मात्र तुमच्या पुस्तकातलाच आकडा लिहा. किनाऱ्याच्या लांबीत देशातल्या राज्यांमध्ये गुजरात पहिला, हे कुठल्याही मोजणीत बदललेलं नाही.

गुजरातचे भाग कसे लक्षात ठेवायचे?

पावसाच्या वाटेनं चला. दक्षिणेला वलसाड आणि डांग, जिथे सह्याद्रीचं टोक पोहोचतं आणि वर्षाला २,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. वर सुरत, भरूच, बडोदे हा नद्यांनी आणलेल्या गाळाचा सपाट पट्टा. बडोद्यात साधारण ९०० मि.मी. पाऊस. महीच्या पलीकडे आणंद-खेड्याचा चरोतर, तिथली गोराडू, म्हणजे भुसभुशीत सुपीक माती हे शेतकऱ्याचं सुख. अहमदाबादच्या नैऋत्येला भाल, खारट सपाटी. पश्चिमेला सौराष्ट्राचं द्वीपकल्प, बरंचसं काळ्या खडकाचं. त्याच्या नद्या मधल्या उंचवट्यावरून चारी दिशांना धावतात आणि उन्हाळ्यात कोरड्या पडतात. सगळ्यात वर कच्छ, जिथे ४०० मि.मी.च्या आसपास पाऊस झाला तर साल बरं गेलं म्हणतात.

पूर्वेला राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राला लागून डोंगराळ आदिवासी पट्टा आहे: दाहोद, छोटा उदेपूर, नर्मदा, तापी, डांग हे जिल्हे. नकाशात ही बाजू लोक विसरतात. ती विसरली की राज्याचं अर्थकारण अर्धंच कळतं, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

खंभात एकेकाळी एवढं मोठं बंदर होतं, मग बुडालं कसं?

मुलांना हा प्रश्न आवर्जून समजावून सांगावा, कारण यात भूगोल आणि इतिहास एकमेकांत मिसळतात. खंभातचं आखात नकाशावर नरसाळ्यासारखं दिसतं: दक्षिणेला रुंद तोंड, उत्तरेला निमुळतं टोक. भरतीचं पाणी आत शिरताना दोन्ही बाजूंनी आवळलं जातं आणि चढत जातं. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतो. त्यातच साबरमती, मही, ढाढर, नर्मदा आणि तापी या नद्या आपला गाळ याच आखातात ओततात. जोरदार प्रवाह तो गाळ सतत हलवत राहतो, त्यामुळे आज जिथे खोल पाणी आहे तिथे काही वर्षांनी चिखलाचा उंचवटा उभा राहतो.

खंभातचं तेच झालं. मोगल काळातलं हे गजबजलेलं बंदर गाळानं भरत गेलं, मोठी जहाजं दूर थांबू लागली, व्यापार सुरतेला गेला आणि पुढे मुंबईला. त्याच्याही आधीचं हडप्पाकाळातलं लोथल आज समुद्रापासून बरंच आत आहे.

याच भरतीनं पलीकडच्या किनाऱ्यावर एक वेगळाच धंदा उभा केला. भावनगर जिल्ह्यातल्या अलंगला १९८३ पासून जुनी जहाजं तोडली जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी उतरलं की ते चिखलात उघडं पडतं. मग गॅस कटर घेऊन माणसं त्याला भिडतात. सुक्या गोदीचा खर्च भरती वाचवते, धोका मात्र मजुराच्या अंगावर येतो. तिथे काम करणारे बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे आहेत.

आखातावर धरण बांधून गोडं पाणी साठवायचं होतं, त्याचं काय झालं?

कल्पसर योजना. अनेक दशकं अभ्यास चालू आहेत, बांध झालेला नाही.

घोघा-दहेज बोट चालू आहे का?

२०१७ साली मोठ्या अपेक्षेनं सुरू झाली, पण दहेजच्या बाजूला गाळानं पाण्याची खोली टिकेना. २०२० पासून घोघा-हजिरा अशी सेवा आहे. बडोद्याहून भावनगरला जायचं असेल तर रस्ताच बरा.

बडोदे संस्थानाकडे स्वतःचा समुद्र होता का?

होता, आणि आजच्या अनेक बडोदेकरांना हे ठाऊक नसतं. गायकवाडांचं राज्य सलग नव्हतं; बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली अशा प्रांतांत ते विखुरलेलं होतं. द्वारकेचं ओखामंडळही त्यांच्याकडेच होतं. तिथे संस्थानानं ओखा बंदर बांधलं, ते १९२६ साली सुरू झालं. त्याच ओखामंडळात मिठापूरला समुद्राच्या पाण्यापासून मीठ आणि सोडा बनवायला सुरुवात झाली, आणि १९३९ साली तिथे टाटा केमिकल्स उभी राहिली. घरातल्या मिठाच्या पिशवीमागे संस्थानाच्या औद्योगिक धोरणाचा हा धागा आहे.

तिसरे सयाजीराव महाराज (राज्यकाळ १८७५ ते १९३९) यांनी शिक्षण आणि ग्रंथालयांसाठी केलेलं काम सगळे सांगतात. त्यांचं आर्थिक काम तितकंच ठोस होतं. १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, तिच्या आदल्या वर्षी अलेम्बिकचा कारखाना आला. त्यांच्याही आधी, खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली डभोई-मियागाम मार्गावर बैलांनी ओढलेली अरुंद रूळांची गाडी धावली. कानम या काळ्या मातीच्या पट्ट्यातला कापूस मुख्य रेल्वेपर्यंत आणायला त्या रूळांचा उपयोग होता. भांडवल, रेल्वे आणि शिकलेली माणसं आधीपासून हाताशी होती, म्हणून स्वातंत्र्यानंतर मोठे उद्योग बडोद्याला सहज रुजले.

बडोद्यात रसायनांचे एवढे कारखाने का?

तेल सापडलं म्हणून. १९५८ साली खंभातजवळ लुणेजला आणि १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं. शुद्धीकरणासाठी मधली, रेल्वेनं जोडलेली आणि पाणी असलेली जागा हवी होती. महीकाठचं कोयली निवडलं गेलं आणि १९६५ साली रिफायनरी सुरू झाली. खतांसाठी जीएसएफसी (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स) १९६२ साली स्थापन झाली, १९६९ साली आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी आली. रिफायनरीतून निघणारा नाफ्था शेजारच्या कारखान्याला कच्चा माल, त्याचं उत्पादन तिसऱ्याला, अशी साखळी तयार झाली. नंदेसरीचे लहान कारखाने त्याच साखळीचं शेपूट.

पुढे इथल्या विहिरींचं तेल पुरेना. आज जामनगरजवळ वाडिनारला समुद्रात उभ्या टँकरमधून उतरलेलं कच्चं तेल नळानं विरमगामवरून कोयलीला येतं. दहेजला २००४ पासून द्रवरूप वायू येतो, मुख्यतः कतारहून. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की बडोद्यातल्या कारखान्यांच्या हिशेबाच्या वह्या उघडतात त्या यामुळे.

आता दुसरी बाजू. या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सुमारे ५५ कि.मी. लांबीच्या वाहिनीतून पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून सारोदजवळ महीच्या मुखाशी सोडलं जातं. वाटेतल्या गावांतून भूजल बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. पाण्याची टंचाई असताना शेतकऱ्यांनी हेच पाणी पिकांना दिल्याचंही घडलं आहे. शहराला रोजगार मिळाला आणि घाण पंचावन्न किलोमीटर दूर गेली, हा सौदा त्या गावांनी केलेला नव्हता. बडोद्याच्या प्रगतीबद्दल बोलताना पादऱ्याच्या विहिरींचं नाव घेतलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

नर्मदेचं पाणी नक्की कोणाचं? महाराष्ट्राला काय मिळालं?

नर्मदा पाणीवाटप लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार २८ दशलक्ष एकर-फूट पाणी असं वाटलं गेलं: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५ आणि महाराष्ट्र ०.२५. वीज मात्र वेगळ्या प्रमाणात: मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. गुजरातला पाणी हवं होतं, म्हणून विजेतला वाटा लहान.

केवडियाचं सरदार सरोवर धरण बडोद्यापासून नव्वदेक किलोमीटरवर आहे. पायाभरणी १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाली, लोकार्पण २०१७ साली. पूर्ण उंची १३८.६८ मीटर. मुख्य कालवा ५३२ कि.मी.चा, त्यातला ४५८ कि.मी. गुजरातेत. तो बडोद्याच्या पूर्वेकडून जातो, महीवरून जलसेतूनं पार होतो आणि राजस्थानात शिरतो. कच्छ-सौराष्ट्रातल्या ज्या गावांनी टँकरच्या रांगा पाहिल्या, त्यांना नळाला पाणी येणं म्हणजे काय हे विचारा. त्या आनंदाला कमी लेखू नये.

त्याच वेळी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची आदिवासी गावं पाण्याखाली गेली, मध्य प्रदेशातल्या निमाडची त्याहून कितीतरी जास्त. विस्थापितांच्या काही वसाहती बडोदे जिल्ह्यातच आहेत. नर्मदा बचाव आंदोलनानं उचललेले पुनर्वसनाचे प्रश्न त्या वसाहतींत आजही बोलले जातात. आणि धरणाच्या खाली, भरूचला, नदीचा गोडा प्रवाह आटल्यावर खाडीचं खारं पाणी वर सरकलं. पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिल्शा माशावर जगणाऱ्या मच्छीमारांचं उत्पन्न घटलं. धरणाचा हिशेब करताना धरणाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे पाहावं लागतं.

विश्वामित्रीला पूर का येतो? समुद्र तर दूर आहे.

पूर पावागढकडून येतो. विश्वामित्री तिथल्या डोंगरात उगम पावते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून आखाताकडे वळते. शहर समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटर उंचीवर, उतार अगदी कमी, त्यामुळे पाणी निघून जायला वेळ लागतो. आजवा सरोवराचं पाणी सोडावं लागलं आणि त्याच वेळी शहरात मुसळधार पाऊस असला की नदी पात्रात मावत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हेच झालं. नदीकाठची कोतरं, म्हणजे पाणी मुरवणाऱ्या घळी आणि ओढे, भरून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या हेही कारण आहेच. पात्रात शेकडो मगरी आहेत. पुरात त्या रस्त्यावर आल्या तर हात लावू नका, वनखात्याला कळवा.

शेतीत मुख्य काय पिकतं?

कापूस आणि भुईमूग, दुसरा जास्त करून सौराष्ट्रात. एरंडीत गुजरात देशात पहिला, आणि भारत जगात. जिऱ्याचा भाव उंझाच्या बाजारात ठरतो. चरोतरात तंबाखू आणि केळी, दक्षिणेला ऊस आणि आंबा, तलाला-गीर बाजूला केसर आंबा. भालात पाणी न देता, साठलेल्या ओलीवर पिकणारा भालिया गहू आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

दुधाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या उत्पादकांचा संघ (अमूल), त्रिभुवनदास पटेल, मग वर्गीस कुरियन, आणि आणंदला १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ. आणंद बडोद्याहून तासाभरावर आहे. मुलांना संध्याकाळच्या वेळी एखाद्या गावची दूधमंडळी दाखवा. रांग, मापं आणि फॅट तपासणी पाहिली की सहकार म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

मीठ सगळं समुद्राचंच का?

नाही. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत बनतं. त्यातलं बरंच किनाऱ्यावरच्या मिठागरांत, पण कच्छच्या लहान रणातलं मीठ जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याचं असतं. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं. ते ओसरलं की अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबं मुलाबाळांसह आत जाऊन राहतात, बोअरचं पाणी आगरात सोडतात आणि उन्हाळा चढेपर्यंत दंताळ्यानं मीठ फिरवत राहतात. पूर्वी डिझेलच्या खर्चातच कमाई जायची. सौरपंप आल्यापासून बराच फरक पडला आहे. जमिनीवर मात्र त्यांचा हक्क कागदावर नाही. रानगाढवांचं अभयारण्य तेच रण आहे, त्यामुळे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. शाळा, दवाखाना, गोडं पाणी, सगळं टँकरवर आणि फिरत्या गाडीवर. मीठ स्वस्त मिळतं त्याचं मोल या कुटुंबांनी मोजलेलं असतं.

शाकाहारी राज्य, मग मासे कोण खातं?

बहुतेक बाहेरचे. गुजरात समुद्री मासळीत देशात आघाडीवर आहे. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर ही मोठी केंद्रं, आणि बराच माल गोठवून परदेशी जातो. जाफराबादचे सुके बोंबील प्रसिद्ध आहेत, बडोद्यातल्या सीकेपी घरांना हे सांगायला नको. २०२३ साली घोळ हा राज्याचा मासा जाहीर झाला. ओखा-जखौच्या बाजूचे खलाशी सागरी सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानात अडकतात, महिनोन्‌महिने सुटत नाहीत, हे या धंद्याचं जुनं दुखणं आहे.

१९६० साली मुंबई महाराष्ट्राला मिळाली. तरी गुजरात एवढा पुढे कसा?

मुंबई नव्हती म्हणून बंदरं शोधावी लागली. कराची फाळणीत गेली तेव्हाच उत्तर भारतासाठी कांडला उभारायला सुरुवात झाली होती. शेजारी सिंधी निर्वासितांसाठी गांधीधाम वसलं. कांडल्याला १९६५ साली आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र आलं. दिल्ली, पंजाब आणि राजस्थानला गुजरातचं बंदर मुंबईपेक्षा जवळ पडतं, हा भूगोलाचा मोठा फायदा.

दुसरं कारण कायद्यातलं. मोठी बंदरं केंद्राकडे असतात, लहान बंदरं राज्याकडे. गुजरातनं १९८२ साली मेरीटाइम बोर्ड स्थापन केलं आणि १९९० च्या दशकात लहान बंदरं खासगी भांडवलाला खुली केली. पिपावाव, मुंद्रा, दहेज, हजिरा त्यातून वाढली. ‘लहान’ या सदरातलं मुंद्रा आज देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी आहे. देशाच्या बंदरांवरचा सुमारे ४० टक्के माल गुजरातेत चढतो-उतरतो आणि निर्यातीतला वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आहे, लोकसंख्या मात्र देशाच्या पाचेक टक्के. जामनगरची रिफायनरी, सुरतेचे हिरे आणि कापड, मोरबीच्या फरशा ही मोठी नावं. सुरतेच्या यंत्रमागांवर आणि लिंबायत-उधना भागात खानदेशातले हजारो मराठी लोक आहेत, ते या यशाचे भागीदार आहेत, हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

मग दाहोद-छोटा उदेपूरची माणसं मजुरीला शहरात का येतात?

जमीन डोंगराळ, तुकडे लहान, मका पावसावर. दुसरं पीक घ्यायला पाणी नाही. मही आणि पानम याच बाजूनं वाहतात, पण त्यांवरच्या धरणांचं पाणी उतारानं खालच्या मैदानात जातं. दिवाळीनंतर कुटुंबं बडोदे, सुरत, सौराष्ट्रात बांधकामावर आणि शेतावर जातात. सकाळी कडियानाक्यांवर, म्हणजे मजूर मिळतात त्या चौकांत, उभी असलेली माणसं बहुतेक याच पट्ट्यातली. होळीला सगळे गावी परततात, तेव्हा शहरातली बांधकामं थांबतात. छोटा उदेपूर २०१३ पर्यंत बडोदे जिल्ह्यातच होतं, म्हणजे ही काही परमुलखाची गोष्ट नव्हे. बंदर आणि कारखाना यांची संपत्ती रेल्वे आणि महामार्गाच्या कडेनं साठत गेली; डोंगराकडे जाणारा ओघ अजून फार बारीक आहे. राज्याचं सरासरी उत्पन्न सांगणाऱ्याला कोणत्या तालुक्याचं, असा प्रश्न जरूर विचारा.

नोकरीसाठी येत आहोत. कुठे काय आहे?

मकरपुरा आणि माणेजाकडे यंत्रं, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर. उत्तरेला कोयली-नंदेसरीकडे तेल आणि रसायनं. सावलीला मेट्रोचे डबे, हालोलकडे वाहनांचे भाग आणि प्लॅस्टिक. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. ५६ पैकी ४० विमानं इथे बनायची आहेत. दहेजची नोकरी असेल तर बिऱ्हाड भरूचला करा. कंपनीच्या बसनं बडोद्याहून रोज जाणारे आहेत, पण तीन पाळ्यांच्या कामात एवढा प्रवास शरीर फार काळ सोसत नाही. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब बडोद्यात ठेवायचं असेल, तर निदान पाळीच्या आठवड्यांसाठी भरूचला खोली घ्या, आणि गुजराती बोलायला पहिल्या महिन्यापासून सुरुवात करा.